दुसऱ्या वर्षाच्या पीबीएलसाठी (प्रकल्पातून शिक्षण) शाश्वततेचे प्रकल्प सुचवा (नाशिक)

सातपूरकर_मॅडम
मेकॅनिकल, ६० मुलं, पाच-पाचचे १२ गट. जानेवारी ते एप्रिल, १२ आठवडे. गटाला फार तर २,००० रुपये. दरवर्षी तेच येतं: थर्माकोलचं स्मार्ट गाव आणि सेन्सरवाली कचरापेटी. शाश्वतता पोस्टरवर, मोजमाप कुठेच नाही. कॉलेजच्या आवारात करता येईल आणि आकडेमोड टाळताच येणार नाही असं काही सुचवा. अर्ध्या वर्गाला गोदावरीचं पाणी तपासायचंय.

वायरमन_दादा
पहिले दोन आठवडे काहीही बनवू देऊ नका, फक्त मोजायला लावा. आधीची नोंद नसेल तर नंतरची सुधारणा कशाशी ताडणार?

स्वस्तातला विषय पंख्यांचा. जुना ७५ वॅट, बीएलडीसी (ब्रशविना मोटरचा, कमी वीज खाणारा) २८ वॅट. ४७ वॅट × ८ तास × २०० दिवस म्हणजे वर्षाला साधारण ७५ युनिट. इथवर सगळेच येतात. गोम पुढे आहे. ७५ वॅट हे पूर्ण वेगाचं माप. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तीनवर असेल तर जुना पंखाही बराच कमी खातो आणि कागदावरची बचत आटते. म्हणून प्रत्येक वेगाला वेगळं मोजा, वर्गात पंखा खरंच किती तास चालतो ते आठवडाभर टिपा. छताचा पंखा प्लग मीटरला लागत नाही, मीटर तारेत जोडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या. कार्बनच्या हिशेबाला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात.

शेणखळा
मॅडम, मेस असेल तर बायोगॅस घ्या. मोठा प्लांट नको, २० लिटरचा पाण्याचा जार पुरे.

७ किलो ताजं शेण, ७ लिटर पाणी, काड्या काढून कालवा. १४ लिटर भरतं, वरचा भाग गॅसला. झाकणाला दोन भोकं: एक भरण्याची नळी, ती रबड्यात (शेण-पाण्याच्या काल्यात) बुडलेली हवी, नाहीतर गॅस तिथूनच जातो. दुसरी नळी मिठाच्या पाण्यात उपड्या घातलेल्या, मापाच्या खुणा केलेल्या बाटलीत. साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, म्हणून मीठ. गॅसची वाट कधीही बंद करू नका, जार फुगून फाटतो.

सुरुवातीचा गॅस पेटत नाही. त्यात मिथेन कमी असतो. मुलं इथेच 'फेल गेला' म्हणून जार रिकामा करतात. दोन-तीन आठवडे थांबा. मग रोज १५० ग्रॅम वाटलेलं उष्टं आणि २०० मिली पाणी. तेवढाच रबडा बाहेर काढायचा. म्हणजे माल जारात ४० दिवस राहतो. जम बसल्यावर दिवसाला ८ ते १५ लिटर गॅस धरा.

बिघडतं ते बहुतेक हावरेपणाने. शनिवार-रविवारचं उष्टं सोमवारी एकदम ओतलं की आम्ल साचतं, मिथेनचे जंतू मागे पडतात. सामू (पीएच) ६.५ च्या खाली गेला की भरणं बंद, चिमूटभर खायचा सोडा, पुन्हा ७ च्या आसपास येईपर्यंत थांबा. लिंबाच्या साली आणि कांद्याचा ढीग टाळा. उघड्यावर ठेवा, वास घ्यायला तोंड जवळ नेऊ नका.

सातपूरकर_मॅडम
जानेवारीत इथे रात्रीचा पारा १० च्या खाली जातो. चालेल?

शेणखळा
मंद चालेल. या जंतूंना ३५ अंश मानवतं. जार काळा रंगवून उन्हात ठेवा, भोवती पोत्यात भुसा. दोन गटांना जार द्या, एक झाकलेला, एक उघडा; थंडीच मग तुमचा प्रयोग होते. आणि त्याआधी सात दिवस मेसचं उष्टं तोलून घ्या. बऱ्याचदा भात कमी वाढण्याने जितकं वाचतं तितकं गॅसने मिळत नाही. हे गणित मुलांनी स्वतः मांडावं.

काठावरचा
नदी घेतलीत तर एका दिवसाच्या बाटलीवर निष्कर्ष नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाचे आकडे बदलतात, म्हणून विसर्गाची नोंद शेजारी हवी. विरघळलेला ऑक्सिजन काठावरच रसायनं घालून बांधायचा, म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बदलत नाही. ३०० मिलीच्या बाटलीत बुडबुडा राहिला तर वाचन फुकट. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते) मोजायला बाटली २७ अंशाला तीन दिवस ठेवायची. स्नानाच्या पाण्याचा निकष ऑक्सिजन ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) सिव्हिलवाल्यांकडे असेल तरच हात घाला.

तोंडी_परीक्षा
गुणांची वाटणी आधीच लावा, नाहीतर सगळी मेहनत मॉडेलच्या रंगावर जाते. आधीची मोजणी आणि वही ३०, सीमारेषा व गणित २५, चूक कुठे असू शकते याचा हिशेब २०, पुढे कोण सांभाळणार १५, सादरीकरण १०. सीमारेषा म्हणजे काय धरलं, काय सोडलं: शेण आणायला टेम्पो गेला तर त्याचं डिझेल कोणाच्या खात्यात? वही पेनानेच, खाडाखोड न मिटवता. तोंडीला वहीतलं एक पान उघडून ज्याची पाळी होती त्यालाच विचारा. गटामागे लपणारे तिथे सापडतात.

सातपूरकर_मॅडम
सहा गट पंखे, चार जार, दोन मेसचं वजन. नदी सिव्हिलच्या सोबत पुढच्या वर्षी. शेण किती दिवस आधी आणून ठेवू?

शेणखळा
त्याच दिवशीचं. वाळलेलं नको, आणि गुरांना नुकती औषधं दिली नाहीत ना ते गोठ्यात विचारून घ्या. प्रतिजैविकं असतील तर जंतू मरतात.