मदत हवी आहे: ओएसपीएफचा शेजारी 'फुल', पण रूट येत नाहीत

नमस्कार मंडळी. जळगावचं ऑफिस आणि सावद्याचं केळीचं कोल्ड स्टोरेज परवा नव्या वायरलेस लिंकने जोडलं. दोन्हीकडचे राउटर ओएसपीएफ या प्रोटोकॉलने एकमेकांना रस्ते (रूट) कळवतात. जळगावच्या राउटरवर इंटरफेसचा प्रकार ब्रॉडकास्ट (एका नेटवर्कवर अनेक राउटर असू शकतात असं धरणारा) आहे, सावद्याला पॉइंट-टू-पॉइंट (फक्त दोनच टोकं धरणारा). दोन्हीकडे हॅलो (मी चालू आहे हा निरोप) दर १० सेकंदांनी आणि डेड (निरोप न आल्यास शेजारी गेला असं धरायची मुदत) ४० सेकंद, त्यामुळे शेजार जुळतो, म्हणजे 'फुल' दिसतो. एलएसए (राउटरने आपल्या लिंकबद्दल पाठवलेली माहिती) सुद्धा डेटाबेसमध्ये दिसतात. राउटिंग टेबलात मात्र पलीकडचा एकही रूट नाही! संध्याकाळी ट्रक भरून उभे असतात आणि बिलं निघत नाहीत, जीव टांगणीला लागतो.

मला वाटतं, एक बाजू डीआर (त्या नेटवर्कसाठी निवडलेला मुख्य राउटर) धरून लिंक सांगते, दुसरी थेट शेजारी म्हणून, आणि एसपीएफला (या माहितीवरून जवळचे रस्ते काढणाऱ्या गणिताला) दोन टोकांचा मेळ लागत नाही. दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट केलं तर पुरेल ना? जळगावात बसून बदलताना सावद्याचा राउटर हातातून जाऊ नये, म्हणून आधी कोणती बाजू बदलू? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.