चुकून लागला म्हणून वणवा माफ?

पाचपाखाडीकर: परवा रात्री ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ गच्चीवरून दिसत होती, खालच्या पाड्यातली माणसं ओल्या फांद्यांनी गवत झोडपत होती, आणि आमच्या ग्रुपवर काय तर 'चुकून विडी पडली असेल, मुद्दाम कोण करतंय'. नाही पटत. एप्रिलमध्ये सुक्या गवतात विस्तव नेणं ही चूक नाही, गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात २०२० साली युकायपा गावाजवळ एका जोडप्याने होणारं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला रंगीत धुराचा फटाका लावला, बावीस हजार एकरांवर जंगल जळालं, लोकांना घरं सोडावी लागली, विझवणारा एक जवान गेला. हेतू कुठे वाईट होता? तरी २०२४ मध्ये नवऱ्याला वर्षभराची कैद झालीच. इथेही व्हायला हवी.

कळवा_नाका: कैद होणार कोणाला ते सांगा ना. येऊरच्या बंगल्यांवर येणारे पार्टीवाले गाडीत बसून घरी पोचलेले असतात, हाताला लागतो तो गुरं चारणारा. १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ बघा, राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर सरकार तिथली चराई आणि वनोपजाचे हक्कच बंद करू शकतं, सगळ्यांचे! म्हणजे पेटवणार शहरातला आणि भोगणार पाडा.

मुरबाडचा: +१. आमच्याकडे राब भाजतात (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात) तो वारा पडल्यावर, भोवतीचा पाचोळा झाडून, पाण्याचा हंडा बाजूला ठेवून. आग चढाला धावते हे आमच्या पोराटोरांना कळतं. आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, वेळेवर काढा, गवत वाळायला लागलं की लगेच, होळी उलटून गेल्यावर नाही.

पाचपाखाडीकर: हक्क बंद करणं अन्याय आहे, शंभर टक्के मान्य. पण जाळरेषा काढली म्हणून पेटवणारा सुटतो का? जमिनीवरची अंडी, सरडे, कारवीची रोपं सगळं खाक होतं, तिथे 'सॉरी' म्हणून काय उगवणार आहे. निदान जंगलात शिरतानाच्या नाक्यावर काडेपेटी, कोळसा, शेगडी काढून घ्या.

कळवा_नाका: नाक्यावर पायी येणाऱ्याचे खिसे तपासतील, बंगल्यावर जाणाऱ्या गाडीची डिकी कोण उघडणार? ती उघडायला लागले की मग कैदेचं बोला, मी पण सही करतो.

पाचपाखाडीकर: डिकी उघडायची मागणी मीच लिहितो, वन विभाग आणि पालिका दोघांना. पण कैदेची ओळ त्यातून काढणार नाही.