मदत हवी आहे: करार कायद्यातलं प्रतिफल, देणगीच्या दोन निकालांचा मेळ कसा घालायचा?

रोजकीर्द:

नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ सध्या चालू आहे. प्रस्ताव, स्वीकृती, पक्षांची पात्रता इथपर्यंत गाडी व्यवस्थित आली. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, व्यक्तीने केलेला ठराव मुळातच व्यर्थ, हे मोहरी बीबीच्या १९०३ च्या निकालामुळे डोक्यात पक्कं बसलं. अडलंय ते प्रतिफलापाशी (consideration, वचनाच्या बदल्यात समोरून जे यावं लागतं ते).

पुस्तकात दोन निकाल एकाखाली एक दिलेत. पहिला केदारनाथ वि. गोरी मोहम्मद, कलकत्ता उच्च न्यायालय, १८८६. हावड्याच्या टाउन हॉलसाठी वर्गणीच्या यादीत एकाने १०० रुपये मांडले आणि नंतर हात वर केले. न्यायालय म्हणालं, द्यावे लागतील. दुसरा अब्दुल अझीझ वि. मासूम अली, अलाहाबाद, १९१४. मशिदीच्या दुरुस्तीला ५०० रुपये देतो असं कबूल केलं होतं, दिले नाहीत. न्यायालय म्हणालं, वसूल करता येणार नाहीत.

दोन्हीकडे देणगीच. दोन्हीकडे देणाऱ्याला बदल्यात काहीच मिळणार नव्हतं. मग एक करार आणि दुसरा नाही, हे कसं? निकाल पाठ आहेत, पण उदाहरणातली माणसं आणि रक्कम बदलली की कुठल्या बाजूने लिहायचं ते ठरवता येत नाही. मला उत्तरं नकोत, विचार कुठून सुरू करायचा ते हवंय. कोणी समजावेल का?

ताळेबंद:

कलम २(ड) आणि कलम २५ शब्दशः पाठ करा. व्याख्या लिहा, अपवाद लिहा, एक निकाल टाका, सुटला प्रश्न. आम्ही असंच केलं.

कलमदान:

ताळेबंद, कलमं पाठ हवीतच, पण त्यांची अडचण त्याच्या पुढची आहे. व्याख्या त्यांच्याकडे आहे, ती वापरायची कशी हे त्या विचारताहेत.

रोजकीर्द, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य बाजूला ठेवू या: 'देणाऱ्याला बदल्यात काहीच मिळणार नव्हतं.' गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रतिफल म्हणजे वचन देणाऱ्याच्या खिशात काहीतरी पडलं पाहिजे, असं आपण गृहीत धरतो. कलम २(ड) तसं म्हणत नाही. ते म्हणतं, वचनदात्याच्या इच्छेवरून वचनग्रहीत्याने (ज्याला वचन दिलं त्याने) किंवा अन्य कोणी काही केलं, करायचं टाळलं, किंवा करण्याचं वा टाळण्याचं वचन दिलं, तर ती कृती म्हणजे प्रतिफल. फायदा हा शब्द तिथे शोधून सापडणार नाही. म्हणून उदाहरण हातात आलं की पहिला प्रश्न असा: कोणाच्या सांगण्यावरून, कोणी, काय केलं?

आता हावड्याकडे या. वर्गण्या किती जमतात ते पाहून, त्यांच्या भरवशावर विश्वस्तांनी इमारतीसाठी कंत्राटदाराशी करार केला. म्हणजे ते स्वतः देणं लागू झाले. वर्गणी मांडणाऱ्याला पैसे कशासाठी आहेत ते ठाऊक होतं, आणि त्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलं जाईल हेही ठाऊक होतं. न्यायालयाने त्याच्या सहीचा अर्थ असा लावला की 'माझ्या १०० रुपयांच्या भरवशावर तुम्ही काम द्या' अशी विनंतीच त्याने केली. विनंती आहे, विनंतीवरून घडलेली कृती आहे, प्रतिफल पूर्ण झालं. इमारतीचा त्याला व्यक्तिशः उपयोग होणार होता की नाही याने काही बिघडत नाही.

मशिदीच्या बाबतीत समितीने त्या ५०० रुपयांच्या भरवशावर काहीच केलेलं नव्हतं. काम सुरू नाही, कोणाला शब्द दिलेला नाही, कसलं देणं अंगावर घेतलेलं नाही. वचन एकटंच उभं राहिलं. प्रतिफल नसलेला ठराव व्यर्थ, हे सांगणाऱ्या कलम २५ प्रमाणे ते व्यर्थ.

म्हणजे फरक टाउन हॉल आणि मशीद यांत नाही, १०० आणि ५०० यांतही नाही. वचनानंतर समोरच्याने त्यावर विसंबून पाऊल टाकलं का, आणि ते पाऊल वचन देणाऱ्याला अभिप्रेत होतं का, एवढ्यावर सगळं आहे. परीक्षक उदाहरण बदलतो तेव्हा नेमकी हीच जागा बदलतो. 'कंत्राटदाराला काम दिले' हे एक वाक्य उदाहरणात आहे की नाही ते आधी पाहा.

या दोन्हींच्या जोडीला दुर्गाप्रसाद वि. बलदेव (१८८०) वाचा. तिथे खर्च झाला होता, बाजार खरोखर बांधला गेला होता, तिथल्या दुकानदारांनी विक्रीवर दलाली देण्याचं वचनही दिलं होतं. तरी दावा फेटाळला, कारण बाजार कलेक्टरच्या सांगण्यावरून बांधला होता, दुकानदारांच्या नव्हे. कृती आहे, वचन आहे, पण वचनदात्याची इच्छा नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात शिकण्यासारखा सर्वांत उत्तम निकाल हाच, कारण त्यात बाकी सगळं जागेवर असून एकच कडी तुटलेली दिसते.

संध्यासत्र:

कलमदान यांनी 'किंवा अन्य कोणी' म्हटलंय ते सोडू नका. इंग्लंडमध्ये प्रतिफल वचनग्रहीत्याकडूनच यावं लागतं, आपल्याकडे नाही. चिन्नय्या वि. रामय्या, मद्रास, १८८२: आईने मुलीला मालमत्ता बक्षीस दिली आणि आपल्या भावंडाला दरसाल ६५३ रुपये द्यायला सांगितलं. मुलीने त्याच दिवशी त्या भावंडाला तसं लिहून दिलं, पुढे पैसे दिले नाहीत. भावंडाने मुलीला काहीच दिलेलं नव्हतं, पण आईने दिलं होतं. तेवढं पुरलं.

यातच मुलं घसरतात. प्रतिफल तिसऱ्याकडून आलं तर चालतं, याचा अर्थ कराराबाहेरचा तिसरा माणूस दावा लावू शकतो असा नाही. त्या प्रकरणात मुलीचं वचन थेट भावंडालाच होतं, म्हणून ते भावंड करारातला पक्ष होतं. हे दोन मुद्दे उत्तरात वेगळ्या परिच्छेदांत लिहा.

रोजकीर्द:

कलमदान, दुर्गाप्रसाद निकाल पुस्तकात होता, पण 'इच्छा' या शब्दावर बोट ठेवून कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आता तिन्ही निकाल एका ओळीत दिसताहेत. खूप आभार. संध्यासत्र, तुमचेही.

मी एक उदाहरण स्वतः तयार केलंय, तपासाल का? अ ने ब ला सांगितलं, 'माझ्या भाच्याला वर्षभर हिशेबनिशी शिकवा.' ब ने शिकवलं. वर्ष संपल्यावर अ म्हणाला, 'तुम्हाला २०,००० रुपये देतो.' आता नाही म्हणतोय. माझं उत्तर: शिकवणं आधी झालं, वचन नंतर आलं, पण ते अ च्या सांगण्यावरून झालं होतं. कलम २(ड) मध्ये 'केले आहे' असाही काळ आहे. म्हणून करार आहे.

कलमदान:

बरोबर. आता त्यातलं 'अ ने सांगितलं' काढून टाका. ब ने आपण होऊन शिकवलं, नंतर अ ने वचन दिलं. २(ड) गेलं, कारण इच्छा नाही. मग कलम २५ च्या दुसऱ्या अपवादाकडे जायचं: वचनदात्यासाठी कोणी स्वेच्छेने काही केलं असेल, तर त्याची भरपाई करण्याचं वचन बंधनकारक असतं. कायद्यातलंच उदाहरण आहे: ब ची पैशांची पिशवी अ ला सापडते, तो ती ब ला आणून देतो, ब ५० रुपये देण्याचं वचन देतो. हा करार आहे. पण तुमच्या उदाहरणात शिकवणं 'अ साठी' झालं की भाच्यासाठी? तिथे वाद आहे, आणि तो वाद उत्तरात मांडायचा असतो. दोन्ही बाजू लिहून मग स्वतःचं मत द्या. नुसतं 'करार आहे' लिहिणाऱ्यापेक्षा असं लिहिणाऱ्याला माझ्याकडे नेहमी जास्त गुण मिळतात.

ताळेबंद:

हे मान्य, मी घाईत लिहिलं होतं ते अपुरं आहे. माझ्याकडून एक भर: प्रतिफल पुरेसं आहे का, हे न्यायालय मोजत नाही. कायद्यातच १,००० रुपयांचा घोडा १० रुपयांना विकण्याचं उदाहरण आहे. संमती मुक्त असेल तर तो करार ठरतो. मात्र एवढी कमी किंमत पाहून संमती खरंच मुक्त होती का, याचा विचार न्यायालय करू शकतं. दुसरं वाक्य बहुतेक जण लिहीत नाहीत.

रोजकीर्द:

शेवटचं एक. ५,००० रुपयांचं देणं आहे. धनको म्हणाला, '२,००० द्या, फिटलं समजा.' ऋणकोने दिले. नंतर धनको उरलेले ३,००० मागतो. ते ३,००० सोडून देण्याच्या वचनाला प्रतिफल कुठे आहे? २,००० तर तो आधीच देणं लागत होता. मग सूट व्यर्थ ठरायला हवी ना?

कलमदान:

इंग्लिश कायद्याने तसंच झालं असतं, फोक्स वि. बिअर (१८८४) तेच सांगतो. आपल्याकडे मात्र कलम ६३ आहे. वचनग्रहीता वचनाची पूर्तता पूर्ण किंवा अंशतः माफ करू शकतो, मुदत वाढवू शकतो, किंवा त्याऐवजी त्याला पटेल ते स्वीकारू शकतो, आणि त्यासाठी प्रतिफल लागत नाही. तुमचे आकडे कलम ६३ खालच्या उदाहरणात जसेच्या तसे आहेत: ५,००० चं देणं, २,००० पूर्ण फेड म्हणून स्वीकारले, सगळं देणं संपलं. फक्त उदाहरणात 'पूर्ण फेड म्हणून स्वीकारले' असं स्पष्ट आहे का ते बघा. नुसते २,००० हातात घेतले असतील, तर उरलेले ३,००० मागता येतात.

रोजकीर्द:

समजलं. उद्या वर्गात कलम ६३ पासून पुढे सुरू होतंय, त्याआधी हे मिळालं. धागा उघडाच ठेवते, पुढे अडलं की पुन्हा येईन.