मदत हवी आहे: स्वमग्न मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आत्ताच काढावं का?

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, मागच्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. परवा माझा हात धरून मला माठापाशी नेलं आणि "पाणी" म्हणाला. पहिल्यांदाच!

घरात मात्र एकमत नाही. सासूबाई म्हणतात, "याचे बाबाही उशिराच बोलले." यांना वाटतं, प्रमाणपत्र घेतलं की पोरावर कायमचा शिक्का बसेल. मला ते पटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. केंद्र सरकारच्या 'निरामय' आरोग्य विमा योजनेत १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात येतो, पण त्यासाठी हा कागद लागतो. सध्या माझा जवळजवळ निम्मा पगार थेरपीतच जातो.

ज्यांनी लहान वयात प्रमाणपत्र काढलं, त्यांनी कृपया सांगा: जिल्हा रुग्णालयात तपासणीच्या दिवशी मुलाला कसं सांभाळलंत? गर्दीत हा कानांवर हात ठेवून रडत बसतो. निरामयमधून थेरपीचे पैसे परत मिळाले का, बिलं कशी द्यावी लागतात? आणि घरच्यांना कसं समजावलंत, तेही लिहा. यांनाही वाचून दाखवणार आहे.