माहेरचा ग्रुप : ‘चौघीजणी’ कोणाजवळ अडकलं?

माई दर्यापूर : चौघीजणी कोणाजवळ हाय? पोया झाला, गणपती बसले. महालक्ष्म्याले सगळ्या जमू तवा पुस्तकावर बोलू असं ठरलं होतं न? माह्यं शेवटचं राहिलं होतं तरी मी पुढं देलं.

मधली मूर्तिजापूर : माह्याजवळ नाई. लहानीले कवाच पोचलं.

लहानी कारंजा : हाय माह्याजवळ. फवारणीचे मजूर पाहू का पुस्तक? रात्री दोन पानं झाले की डोया लागते. एमीनं ज्योची लिहिलेली वही चुलीत टाकली, तिथवर आली मी.

मधली मूर्तिजापूर : पाय बरं. बहिणीची चीज जाळणारी लहानीच असते.

लहानी कारंजा : समजला टोमणा. शिलाई मशीन मी जाळली नोयती. ते आधीच बिघडेल होती.

बाळूभाऊ : सर्व बहिणींनी आधारची झेरॉक्स अन् दोन फोटो पाठवा. शेतीतल्या हिश्श्याच्या हक्कसोडाचं काम हाय.

माई दर्यापूर : भाऊ, पुस्तकाचं चालू हाय.

आत्याबाई अकोला : मी दोनदा वाचलं. ‘लिटल विमेन’ले शांताबाई शेळक्यांची मराठी, ते गाव अमेरिकेतलं वाटतच नाई. बाप लढाईच्या दवाखान्यात, मायले जायाले पैसे नाई, तं ज्योनं आपले केस विकले. 25 डॉलर आले. अन् रात्री चोरून रडली. केसासाठी रडली, बापासाठी नाई, हे लिहाले हिंमत लागते.

चिंटू : बाळूकाकाच्या केसाचे किती येतील? 😂

बाळूभाऊ : तू आपली बारावी पाय.

मधली मूर्तिजापूर : मले तं त्या शेजारच्या लॉरीचं नाई पटलं. आधी ज्योले मागणी घातली, तिनं नाई म्हटलं, मंग एमीसंगं लगन. अन् ज्यो खुश? कोणती बहीण इतकी सरळ असते?

लहानी कारंजा : तू नसशील.

बाळूभाऊ : आधार अन् दोन फोटो. मंगळवारी 11 वाजता रजिस्ट्री ऑफिस. दोन साक्षीदार मी आणतो.

भाची पुणे : मामा, सही करायची की नाही हे ज्याचं त्याचं. पण माहीत असावं म्हणून सांगते. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित शेतीत मुलीचा हिस्सा जन्मानंच आहे, मुलासारखा. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असंही नाही, सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. आणि पुस्तकांचंच बोलायचं तर जेन ऑस्टिनचं 1813 चं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचा. पाच बहिणी, भाऊ नाही, म्हणून बापामागं घर दूरच्या चुलत नात्यातल्या बाप्याला जाणार.

बाळूभाऊ : हा पुस्तकाचा ग्रुप हाय की कोर्ट?

आत्याबाई अकोला : चौघीजणीत तं आत्यानं आपलं घर ज्योले देलं. सगळे लक्षात ठेवा, आत्याले चांगलं वागवा.

चिंटू : आत्याबाई, उद्याच येतो 🙏

थोरले जावईबुवा : सर्वांना नमस्कार. वाचनाचा उपक्रम स्तुत्य आहे. घरगुती विषय मात्र ग्रुपवर न आणलेले बरे.

मधली मूर्तिजापूर : भाऊजी, तुमच्या बहिणीच्या सहीच्या वेळी इतके शांत नोयते तुम्ही.

बाळूभाऊ : हा मेसेज डिलीट केला आहे.

लहानी कारंजा : वाचला मी.

वयनी : मी बोलत नाई कवा, आज बोलतो. तुमच्या चौघीजणी गोड हाय, कारण त्या घरात सून नोयती. मायच्या गोया कोण देते, रात्री उठून लघवीले कोण नेते? सातबाऱ्यावर माह्यं नाव नाई अन् पुस्तकातही नाई. बेथ आजारी पडली तं तिची बहीण ज्यो उशाशी बसली. इथं माय पडली तवा ‘काळजी घ्या’ म्हणून फोन आले.

मधली मूर्तिजापूर : आम्ही आलो होतो दोन दिवस.

वयनी : हो. पाहुण्यासारखं.

थोरले जावईबुवा : 🙏🙏

चिंटू : सोयाबीनवर येलो मोझॅक आला काय कोणाच्या? फोटो टाकतो, पान पाहा.

बाळूभाऊ : पिवळं झाडं उपटून बांधाबाहेर टाक. पांढरी माशी पाय. अन् सगळ्यांनी आधार अन् दोन फोटो.

माई दर्यापूर : वयनी, तुमचं बोलणं मले लागलं, पण खोटं नाई. तुमच्या करण्याची किंमत मी माह्या सहीनं चुकवू म्हणता काय? ते दोन हिशेब वेगळे ठेवू. मायले दिवाळीपर्यंत मी दर्यापूरले नेतो, पुढचं मधली अन् लहानी पाहतील.

लहानी कारंजा : पुढचं आमालेही विचार न बाई.

माई दर्यापूर : विचारतो. तिथंच बसून.

बाळूभाऊ : मंग मंगळवारी 11 नक्की समजू?

माई दर्यापूर : मंगळवारी महालक्ष्म्याचं जेवण हाय रे बावा, पंचांग पाहत जा. आंबील, पुरण, सोळा भाज्या. मी रविवारीच येतो, वयनीसंगं पुरण वाटाले. पुस्तक लहानी आणन. आधार घरीच ठेवून येतो.