आजोबांच्या ट्रंकेत शिकारीचा जुना परवाना मिळाला. भेकर-सांबराचं लायसन आता निघतं का?

खाडीकाठ_गुहागर
नमस्कार मंडळी. घर आमचं गुहागर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, मागे सगळं रान. गेल्या आठवड्यात माळा झाडताना आजोबांच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद मिळाला, घडीवर फाटलेला. शिकारीचा परवाना, साल 1966, वर 1951 चा मुंबईचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा असं छापलंय, आणि त्याच रात्री टेक्ससमधल्या आतेभावाने फोटो पाठवला, हरणाच्या पायाला कागदी टॅग बांधलेला, म्हणे लायसनबरोबर पाच टॅग येतात, पाच मारलीस की संपलं. मग डोक्यात आलं की आपल्याकडे पण असं काही असणार ना?
विचारतोय कारण वैताग आलाय. दोन रात्रीत डुकरांनी अर्धा कुणगा भात लोळवला, सांबरं येऊन लोंब्या ओरबाडून जातात आणि परसवात चवळीचा एक कोंब भेकरं ठेवत नाहीत. घरात चुलत्यांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचं लायसन त्यांच्या नावावर, चुलते शिमग्यानंतर वारले. वाडीतले म्हणतात शेतीसंरक्षणाची बंदूक आहे म्हणजे आपल्या हद्दीत आलेलं जनावर मारलं तर चालतं. खरं काय? लायसन कुठे काढायचं, सीझन कुठला, आणि वर्षाला किती मारता येतात?

कातळावरचा_राजापूर
भाऊ, सरळ सांगतो. एकही नाही. भेकर नाही, सांबर नाही, पिसोरी (ते छोटं मूषक हरीण) तर नाहीच नाही. भारतात हरणाच्या शिकारीचं लायसन हा प्रकारच आता शिल्लक नाही, त्यामुळे सीझन नाही आणि लिमिट पण नाही.
आजोबांचा कागद खोटा नाही हां, तेव्हा खरंच परवाने मिळायचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला त्यातसुद्धा सुरुवातीला मोठी शिकार, छोटी शिकार असे परवाने होते, ते सगळं 1991 च्या दुरुस्तीने काढून टाकलं. तो कागद फ्रेम करून ठेव, रिन्यू वगैरे काही होत नाही. रायगडात फणसाडचं जंगल बघ, जंजिऱ्याच्या नवाबाची राखीव शिकारीची जागा होती ती, 1986 पासून अभयारण्य आहे.
आणि शिकार म्हणजे फक्त बार टाकणं असं समजू नकोस. कायद्यात फासकी लावणं, विष घालणं, हाकारे घालून जनावर उठवणं, आमिष ठेवणं हे सगळं शिकारच, आणि नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जनावर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं (सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतलं) असलं किंवा अभयारण्याच्या आत मारलेलं असलं तर कमीत कमी तीन वर्षं, वर सात वर्षांपर्यंत. गाडी, बंदूक, बॅटरी जे सापडेल ते जप्त.
एक सांगतो, मी नववीत असताना आमच्या आंब्याखाली फासकीत भेकर अडकलं होतं. बाईकच्या क्लचची वायर. रात्रभर भुंकत होतं, आम्हाला वाटलं वाघ फिरतोय म्हणून कोणी बाहेर गेलं नाही. सकाळी बघतो तर वायर पुढच्या पायात हाडापर्यंत रुतलेली आणि भोवतीची माती गोल उकरलेली, जसा काय कोणी तिथे खड्डा खणायला घेतलाय. मी वायर सोडवेपर्यंत गेलं ते. त्याची मान माझ्या मांडीवर होती. तेव्हापासून मी सुट्टीत गेलो की आमच्या हद्दीतली वई (कुंपण) फिरून वायरी काढतो.

देवगडकर_टेक्ससवाला
तुझा भाऊ सांगतोय ते बरोबर पण अर्धं. इथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, टेक्ससमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे पाच टॅग लायसनबरोबर येतात हे खरं, पण पाचात नर तीनच, आणि प्रत्येक काउंटीचं लिमिट आणखी वेगळं असतं, कुठे मादी मारायची मुभा मोजक्या दिवसांपुरतीच. हरीण पडलं की तिथल्या तिथे टॅगवर महिना आणि तारीख कापून तो बांधायचा, नंतर बघू नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच, रात्री बॅटरी मारून हरीण टिपलं तर केस. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. ज्याची जमीन त्याची परवानगी लागते. मांस घरी खा, वाटा, विकायचं नाही. विस्कॉन्सिनमध्ये तर बंदुकीचा मुख्य सीझन नोव्हेंबरात नऊ दिवसांचा, लोक वर्षभर त्याची वाट बघतात.
भाऊ एच-वन-बी वर असेल तर त्याला एक विचार. अशा व्हिसावाल्याला इथल्या केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, चालू शिकारीचं लायसन असेल तर सूट आहे. म्हणजे लायसनची मुदत संपली आणि बंदूक कपाटात राहिली तर तो अडचणीत येऊ शकतो. बरेच जण हे विसरतात.
आणि इथे चालतं ते का चालतं तेही लक्षात घे. हरणं मोजतात, त्यावरून लिमिट ठरतं, लायसनचे पैसे वन्यजीव खात्याला जातात, शिवाय बंदुका-काडतुसांवर केंद्राचा वेगळा कर आहे तोही 1937 च्या कायद्यापासून त्याच कामाला लागतो. देवगडच्या रानात अख्ख्या पावसाळ्यात एक सांबर दिसलं तर आम्ही घरी येऊन सांगायचो. तुलना करू नकोस.

मालवणी_आवशी
बाबा रे, तो म्हणता ता खरा. आमच्या वाडीत डुकरासाठी वायर लावलेली कोणीतरी, अडाकलो बिबटो. रातभर बोंबलत होतो. सकाळी वनखात्याची गाडी इली, पिंजरो इलो, नि मगे लावणारो कोण ता शोधूक घराघरात फिरले. फासकेक काय कळता डुकर कोण नि वाघ कोण? तू असला काय करू नको हां.

वकिलीण_रत्नागिरी
सगळे हरणावर बोलताय, मला त्या बंदुकीची काळजी वाटतेय. खाडीकाठ, नीट वाच.
लायसन चुलत्यांच्या नावावर होतं, घराच्या नाही. ते गेले तेव्हाच त्या लायसनवर बंदूक ठेवण्याचा हक्क संपला. शस्त्र कायद्याप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा लायसनधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायला लागते आणि वारस म्हणून हवी असेल तर स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायला लागतो. शिमग्यानंतर वारले म्हणजे सहा महिने तरी झाले असतील, आज ती भिंतीला टांगलेली असेल तर विनापरवाना शस्त्र म्हणून तुझ्यावर येईल, बार टाकला काय आणि नाही टाकला काय. माझ्याकडे अशी दोन कुटुंबं आली होती, कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली. उद्या सकाळी जा. मृत्यूचा दाखला, लायसनचं मूळ पुस्तक, दारू-छर्रे जे असेल ते सगळं घेऊन जा आणि पावती घेतल्याशिवाय परत येऊ नको.
आणि शेतीसंरक्षणाचं लायसन म्हणजे शस्त्र बाळगण्याचा परवाना, जनावर मारण्याचा नव्हे. हे दोन वेगळे कायदे आहेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा होत नाही, पण भात खाल्लं म्हणून सांबर मारलं याला तो बचाव नाही.

कुळागर_सावंतवाडी
मग शेतकऱ्याने करायचं काय, हेही कोणीतरी सांगा की. मी सांगतो.
डुकरांसाठी रस्ता आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली पिकाची नासधूस करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराला मारायची लेखी परवानगी वनखातं देऊ शकतं, डुकराच्या बाबतीत अर्ज आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. परवानगी हातात आल्यावरच, ज्याच्याकडे चालू शस्त्र लायसन आहे त्यानेच, आणि मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं. वाटे घालायचे नाहीत. भावकीत इथेच लोक फसतात, परवानगी घेतात आणि मग मटण वाटतात.
सांबरांनी खाल्लेल्या भातासाठी भरपाई. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं, हे तीन दिवस फार महत्त्वाचे, आमचा मागच्या वर्षीचा अर्ज चौथ्या दिवशी गेला म्हणून परत आला. सातबारा, बँक पासबुक, आणि फोटो. फोटो काढताना नुसतं लोळलेलं भात काढू नको, चिखलातले खूर काढ, बाजूला काडेपेटी ठेवून, म्हणजे पंचनाम्याला कुठलं जनावर ते कळतं. डुकराच्या खुराच्या मागे दोन टोचे उमटतात, सांबराचे सहसा उमटत नाहीत. काहीच कळलं नाही तर वनखात्याची हेल्पलाइन 1926 आहे.
भरपाईने पोट भरत नाही हे मला माहिती आहे. माझी सुपारी दोन वर्षं माकडांनीच खाल्ली. पण केस झाली तर तारखांना जाण्यात बागच विकावी लागेल.

खाडीकाठ_गुहागर
वकिलीणबाई, तुमचं वाचून रात्रभर झोप लागली नाही, खरंच. आज सकाळी बंदूक गोणपाटात गुंडाळून, लायसनचं पुस्तक आणि काकांचा दाखला घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी नळीचा नंबर दोनदा पडताळला, दारूची डबी वेगळी लिहून घेतली. काकी ओटीवर बसून होती, बंदूक बाहेर काढताना तिने दस्त्यावरून हात फिरवला आणि आत गेली. पावती मिळाली. नव्या अर्जाचं अजून ठरवलं नाही.
कातळावरचा, तुझं वाचून दुपारी वईच्या कडेने फिरलो. तीन वायरी मिळाल्या, त्यातली एक आमच्याच कुंपणाच्या खुंटाला बांधलेली. कोणी लावली ते मला साधारण कळतंय, संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बोलणार आहे.
कुळागर, भात परवा रात्री लोळवलंय म्हणजे उद्याचा दिवस शेवटचा. खुरांचे फोटो काढले, काडेपेटी ठेवूनच. सातबारा काकांच्या नावावर आहे, वारस नोंद अजून झालेली नाही, अर्ज माझ्या नावाने चालेल का काकीच्या? कोणाला माहिती असेल तर आज रात्रीच सांगा.

वकिलीण_रत्नागिरी
काकीच्या नावाने दे, वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे केलास की त्याची पोच जोड. पण थांबू नको, आधी उद्या लेखी कळवून तारखेचा शिक्का घे, बाकीचे कागद मागाहून देता येतील का ते तिथेच विचार. आणि त्या तीन वायरी घरात ठेवू नकोस, वनरक्षक पंचनाम्याला येईल तेव्हा कुठे मिळाल्या ते सांगून त्याच्या ताब्यात दे.