‘मायसेल्फ’ म्हणणाऱ्याला दार दाखवा म्हणे!

पाना_पक्कड
काल इथे ‘डोकं फिरवणाऱ्या इंग्रजी चुका’ अशी यादी आली. शेवटची ओळ: मुलाखतीत ‘आय अ‍ॅम’च्या जागी ‘मायसेल्फ अमुक तमुक’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न न विचारता दार दाखवावं. वर टाळ्यांचा पाऊस. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत आम्हाला इंग्रजीचं पुस्तक भेटलं ते थेट पाचवीत. आमच्यातलीच पोरं आज कारखान्यात जर्मन मशिनं खोलून परत बसवतात. त्यांची लायकी एका सर्वनामावरून ठरवणार?

आणि त्या यादीतलं निम्मं तरी चूक आहे का? ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या कोशात आहे. ‘डू द नीडफुल’ साहेबानेच कचेरीत आणलं; त्याने टाकलं, आपण जपलं. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ नको, ‘फ्यूअर’ हवं, या नियमाचं म्हणाल, तर रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७० मध्ये आपल्याला काय बरं वाटतं ते लिहिलं. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. ‘डिड नॉट वेन्ट’ मलाही टोचतं. पण टोचलं म्हणून कुणाची नोकरी घालवायची नसते.

लाल_शाई
यादी माझी, म्हणून बोलते. टाळ्या मी मागितल्या नव्हत्या.

‘रिव्हर्ट’चंच घ्या. माझ्या जुन्या टीममधल्या एकाने अमेरिकेला कोड पाठवला आणि खाली ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं. त्याला उत्तर हवं होतं. सकाळी बघतो तर त्यांनी इमानदारीत अख्खा बदल मागे घेतलेला! तिकडे त्याचा अर्थ तोच.

स्वल्पविराम क्षुल्लक वाटतो ना? अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कायद्यातल्या कामांच्या यादीत शेवटी एक स्वल्पविराम नव्हता, तेवढ्यावर २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलर मोजून मिटवलं.

आणि हो, पुस्तक ‘भेटत’ नाही, मिळतं. भेटतात माणसं.

पाना_पक्कड
तो कायदा लिहिणारे विधिमंडळातले होते, ‘मायसेल्फ’वाले नव्हते. शिवाय फायदा ड्रायव्हर लोकांचा झाला. मला तर आनंदच आहे.

वऱ्हाडचा_ठेचा
आलं का ‘भेटत नाही, मिळतं’! वाटच पाहून राहिलो होतो. आमच्याकडे पैसे भेटतात, नोकरी भेटते, बसमध्ये जागासुद्धा भेटते. पुण्यात हॉस्टेलला असताना मेसमध्ये ‘पोळी भेटंल का’ म्हटलं की शेजारच्या टेबलावर खसखस पिकायची. मी वाढप्याशी बोलणंच सोडलं, नुसतं ताट पुढे करायचो. तुमच्या या लाल शाईने पोरं मुकी होतात, ताई.

पेन्शनर_काका
बोली घरात बोला, कोण अडवतंय? चारचौघांत लिहिताना प्रमाण भाषा हवी. खरा राग यायला हवा तो मालिकांचा. ‘तू माझी मदत करशील?’ अरे, मला मदत करशील! हिंदीतून उचललेलं जसंच्या तसं. रोज रात्री ऐकतो, रोज रिमोट फेकावासा वाटतो. बायको म्हणते बंद करा, पण मग कथानक कसं कळणार?

वऱ्हाडचा_ठेचा
काका, १९६२ च्या आधी ‘घरांत’वर अनुस्वार दिला तरच शुद्ध होतं ना? मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो उडवला आणि कालचं शुद्ध आज अशुद्ध झालं. १९७२ मध्ये आणखी चार नियम जोडले. म्हणजे शुद्ध काय, तर बैठकीत ठरेल ते! त्या बैठकीत आमचं ‘भेटलं’ कोणी मांडलं होतं का?

पेन्शनर_काका
चौकातला सिग्नलही माणसानेच बसवलाय, म्हणून तोडता का? नियम नकोत, वाचन नको, वर आम्हालाच अक्कल शिकवायची.

वऱ्हाडचा_ठेचा
वाचन काढू नका. मी मराठीत एमए आहे. आणि सिग्नल तोडणाऱ्यांबद्दल पुण्याच्या माणसाने बोलू नये.

पेन्शनर_काका
मी ठाण्याचा आहे.

ऑकलंडची_माई
भांडा, पण एक सांगते. इथले जन्मजात इंग्रजीवाले ‘शुड हॅव’च्या जागी बिनदिक्कत ‘शुड ऑफ’ लिहितात. ऑफिसच्या ईमेलमध्ये! त्यांना कोणी दार दाखवत नाही. मी एकदा ‘कझिन ब्रदर’ म्हटलं, तर अजून थट्टा चालू आहे. चूक कोणती यापेक्षा कोणी केली हे आधी बघतात.

लाल_शाई
माई, हे मात्र खरं आहे. तुमच्या ऑफिसात मी असते तर आधी ‘शुड ऑफ’वर लाल खूण केली असती. ते राहू द्या. ‘प्रीपोन’ यादीतून काढते. कोशात आहे हे माहीत होतं, मला आवडत नाही एवढंच. बेकरसाहेबांचंही मान्य, खूश? ‘रिव्हर्ट’ राहणार. दार दाखवायची भाषा जरा जास्त झाली असेल, पण ‘मायसेल्फ’ ऐकलं की माझं कपाळ दुखणारच. ‘भेटलं’बद्दल पीएचडी आणलीत तरी मी हलणार नाही.

वऱ्हाडचा_ठेचा
उपकार झाले.

पाना_पक्कड
आमच्याकडे पुढच्या महिन्यात फिटरची भरती आहे आणि पॅनेलवर मी आहे. तुमच्याकडून हाकललेले सगळे ‘मायसेल्फ’वाले इकडे पाठवा. मी त्यांना बेअरिंग बदलायला लावून बघतो.